उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन पुण्याजवळ एका दिवसासाठी कुठे जाता?

शिल्पा_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. मे महिन्यात बहीण नागपूरहून तिच्या दोघांना घेऊन येतेय, माझी दोन, म्हणजे घरात चार मुलं असणारेत. वयं आठ, पाच, साडेतीन आणि धाकटी दीड वर्षाची. आख्खा महिना कार्टून आणि मोबाईलवर काढायचा नाहीये. मॉलमधल्या प्ले झोनमधनं मुलं बाहेर येतात ती चिडचिडी होऊनच, असं मी तरी दरवेळी बघितलंय. तर पुण्याहून सकाळी निघून त्याच दिवशी परत येता येईल, झाडं असतील, माती-पक्षी-दगड काहीतरी बघायला असेल अशा जागा सुचवा. रिसॉर्ट आणि वॉटर पार्क नकोत. आई पण बरोबर असेल, तिचे गुडघे दुखतात, फार चढ नको. गाडी पाच सीटची एकच आहे त्यामुळे काही जणांनी बसने किंवा लोकलने जायचीही तयारी आहे.

माझं मत आधीच सांगते, ऊन आहे म्हणून मुलांना महिनाभर कोंडून ठेवणं मला पटत नाही. करवंदं, कैऱ्या, बहावा हे सगळं याच महिन्यात असतं, जूनमध्ये काय बघणार ती?

भटक्या_विजू
सिंहगड. पहाटे साडेपाचला घर सोडा, सातच्या आत वर. गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे आईंचा प्रश्न नाही. देवटाक्याचं पाणी दाखवा, तानाजी मालुसऱ्यांची समाधी दाखवा, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, की नऊला उतरायला लागा. मे महिन्यात वाटेवर करवंदं घेऊन बसलेल्या मावश्या असतात. मुलांना १६७० ची गोष्ट गाडीतच सांगून ठेवा म्हणजे वर गेल्यावर प्रत्येक दगडावर "इथूनच चढले का" असं विचारत बसतात, आमच्याकडे तर घोरपडीवरून गाडीत भांडण झालं होतं, घोरपडीचं पुढे काय झालं म्हणून.

अनघा_पी
विजू, शनिवार-रविवार सोडून असं लिहा प्लीज. सुट्टीच्या रविवारी वनखात्याच्या नाक्यापासून गाड्यांची रांग लागते, घाटात गाडी उभी, एसी लावला तरी मागे बसलेली मुलं ओकतात. मधल्या वारी गेलात तर सिंहगडासारखी जागा नाही हे मात्र मान्य.

नाना_सदाशिव
एवढं लांब कशाला जायचं? आमच्या लहानपणी पेशवे पार्कातली फुलराणी म्हणजे सुट्टीचा कळस असायचा. १९५६ पासूनची गाडी आहे ती. सकाळी पर्वती चढायची, उतरून सारसबागेत गणपती, मग फुलराणी, घरी येऊन आमरस आणि झोप. आज नातवाला घेऊन जातो तेव्हा तोही तितकाच खुलतो. लहान मुलाला लांब आणि जवळ कळत नाही हो, त्याला घरच्यांचा सकाळचा निवांत वेळ हवा असतो.

भटक्या_विजू
नाना, शंभर टक्के. पण पर्वतीच्या पायऱ्या आईंच्या गुडघ्यांना?

नाना_सदाशिव
आई खाली सारसबागेत बाकावर. बरोबर एक मैत्रीण द्यायची, दोन तास कमीच पडतात.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरकर म्हणून लिहितो. तुमच्या बहिणीच्या मुलांना पुण्याचं ३९ म्हणजे हिल स्टेशन वाटेल 😄 पण एक गोष्ट मनापासून सांगतो. आमच्याकडे ४५ असतं तरी त्रास कमी लोकांना होतो, कारण अकरा ते पाच कोणी उगाच बाहेर पडतच नाही. दुपट्टा बांधल्याशिवाय गाडीला किक मारत नाही, घरात कूलर, माठ, कैरीचं पन्हं. पुण्यातली मंडळी "आपल्याकडे कुठे तेवढं ऊन" म्हणत दुपारी एक वाजता बाळाला घेऊन गड चढताना मी स्वतः पाहिलीत. २०१९ च्या एप्रिलअखेरीला पुण्यातसुद्धा पारा ४३ ला टेकला होता, विसरू नका. ऊन आकड्यावर नाही, आपण त्याला किती मानतो त्यावर लागतं.

डॉ_मधुरा
वऱ्हाडी यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी लहान मुलांची डॉक्टर आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते, दरवर्षी मे महिन्यात तेच तेच बघून जीव तुटतो.

लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि त्याला घाम कमी येतो. खेळात रंगलेलं मूल तहान लागली हे सांगत नाही. त्यामुळे "पाणी हवं का" असं विचारूच नका, दर वीस मिनिटांनी चार घोट पाजाच. शू किती वेळाने होतेय आणि रंग कसा आहे याकडे लक्ष ठेवा. गडद पिवळी झाली किंवा चार-पाच तास झालीच नाही तर मूल कोरडं पडतंय समजा.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असला अंदाजपंचे प्रकार करू नका, क्षार जास्त झाले तर मुलाला अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानात ओआरएसच्या शेजारी तशाच दिसणाऱ्या खोक्यांतली गोड पेयं ठेवलेली असतात, ती ओआरएस नव्हेत. ताक, पन्हं, कोकम सरबत, नाचणीची आंबील हे सगळं उत्तम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, फक्त अंगावरचं दूध जास्त वेळा, आणि खरं सांगायचं तर त्या वयाच्या बाळाला मे महिन्यात सहलीला नेऊच नका.

मूल एकदम गप्प झालं, बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं तर सावलीत न्या, कपडे काढा, सगळं अंग ओलं करून वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

अजून एक. "दोन मिनिटांत येते" म्हणून उन्हात उभ्या गाडीत मुलाला ठेवून दुकानात जाऊ नका. काच थोडी उघडी ठेवली तरी आतली हवा काही मिनिटांत असह्य होते.

शिल्पा_कर्वेनगर
मधुराताई खूप आभार, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे. दीड वर्षाच्या धाकटीला टोपी अजिबात चालत नाही, काढून फेकते, काय करू?

डॉ_मधुरा
सुती पातळ ओढणी ओली करून पिळून डोक्यावरनं. किंवा सरळ सावलीची जागा आणि वेळ निवडा म्हणजे टोपीचं भांडणच नको.

आज्जी_तळेगाव
ओल्या पंचाचं मी लिहिणारच होते. आणि कांदा.

केतकी_बाणेर
कात्रजचं प्राणीसंग्रहालय कोणीच कसं लिहिलं नाही? बॅटरीवर चालणारी गाडी आहे, आई बसून फिरू शकतील. उन्हाळ्यात प्राण्यांसाठी पाण्याचे फवारे सोडतात, हत्तीची आंघोळ बघायला मिळाली तर मुलं तिथनं हलत नाहीत.

अनघा_पी
केतकी, जागा छानच, पण ते साडेनऊच्या सुमारास उघडतं आणि बुधवारी बंद असतं. साडेनऊला आत शिरलात की खंदकांपाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर, वाघ आपला सावलीत पाय ताणून झोपलेला. मे महिन्यात दुपारी चारनंतर जा. उलट भर दुपारी जायचंच असेल तर एम्प्रेस गार्डन. जुनी प्रचंड झाडं आहेत, माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली वर चढलेल्या आहेत आणि खाली इतकी दाट सावली की चटई टाकून डबा खा नि तिथेच आडवे व्हा.

समीर_हडपसर
खडकवासला चौपाटी किंवा पानशेतच्या बॅकवॉटरला न्या की, मुलांना पाण्यात डुंबायला मिळालं की उन्हाळा विसरतात. आम्ही नेहमी जातो. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, गुडघाभर.

भटक्या_विजू
समीर, कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका. धरणाच्या काठाला पाणी गुडघाभर दिसतं आणि दोन पावलांवर पुरुषभर खोल असतं. जुना नदीचा काठ खाली तसाच असतो, मुरूम-मातीसाठी काढलेले खड्डे असतात, वरून गाळ बसलेला. त्या गाळात पाय रुतला की मोठा माणूससुद्धा सुटायची धडपड करताना आणखी आत जातो. दर उन्हाळ्यात खडकवासल्यापासून पानशेत-वरसगावपर्यंत बुडाल्याच्या बातम्या येतात आणि बहुतेक वेळा एकाला वाचवायला दुसरा, मग तिसरा असं झालेलं असतं.

समीर_हडपसर
काठावर पाय बुडवून बसायला काय हरकत आहे पण? एवढं घाबरवून ठेवलं तर मुलं पाण्याला कायमची भितील.

डॉ_मधुरा
समीर, पाण्याची ओळख तलावातच करून द्या ना, पोहायच्या तलावात, शिकवणाऱ्याच्या हाताखाली. सुट्टीत सगळीकडे वर्ग असतात. धरणाच्या काठावर चार मुलांमागे दोन मोठी माणसं पुरत नाहीत. मुलं एकाच दिशेला पळत नाहीत.

समीर_हडपसर
चार मुलं हे डोक्यात नव्हतं, पटलं. चौपाटीवर बसून कणीस खा, पाण्यापासून लांब, एवढं तरी चालेल ना 🙂

आज्जी_तळेगाव
कणीस चालेल. बर्फाचा गोळा नको हो. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग घालायचा असा नियम आहे, पण गाडीवाल्याने बर्फ कुठून आणला हे लाल-हिरव्या सरबताखाली कुणाला दिसतंय.

रेल्वेप्रेमी_चिंचवड
माझ्याकडून भाज्याची लेणी, आणि लोकलने. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. मुलांसाठी निम्मी सहल ही गाडीच असते, खिडकीतून कामशेतच्या पुढे डोंगर जवळ यायला लागले की आपोआप बोलायची बंद होतात. मळवलीहून भाजे गाव दीड-दोन किलोमीटर, वाटेत एक्स्प्रेस वेवरचा पूल लागतो, त्यावर उभं राहून खालचे ट्रक बघण्यात आमचा धाकटा अर्धा तास रमतो. रिक्षा पण मिळतात. आईंना आणि छोटीला गाडीने आणा, पायथ्यापर्यंत गाडी येते.

उन्हाळ्यात भाजेच का, तर लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळभर सगळी लेणी डोंगराच्या सावलीत असतात आणि आतला दगड गार. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातली २२ लेणी आहेत. मुलांना "बघा किती सुंदर कोरलंय" म्हटलं की कंटाळतात, त्यांना काम द्या. एका बाजूला छोट्या स्तूपांचा गट आहे, ते मोजायला सांगा, काही आत अंधारात आहेत काही बाहेर, सगळे सापडले तर चौदा होतात. मग शेवटच्या टोकाच्या विहारात हत्तीवरचा देव, रथातला सूर्य आणि तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई शोधायला लावा. आमच्या आठ वर्षांच्या मुलीने ती बाई शोधली आणि तिथेच गुडघ्यांवर ठेका धरून बसली.

पायऱ्या आहेत पण कार्ल्यापेक्षा पुष्कळ कमी. आई चढल्या नाहीत तरी खाली गावात झाडाखाली बसायची सोय होते. पुरातत्त्व खात्याचं तिकीट पंधरा वर्षांखालच्यांना नाही. दुपारी लोकल फार कमी आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर मळवलीच्या फलाटावर ताटकळावं लागेल.

केतकी_बाणेर
वा, तोंड पश्चिमेला हा विचार कधी केलाच नव्हता! जागा कुठली यापेक्षा सावली कुठल्या बाजूला हे बघायला हवं.

ताम्हण
लेणी आणि गडांवर आग्या मोहोळं असतात हे लक्षात ठेवा. शिवनेरीला, सिंहगडाला माश्या उठल्याच्या घटना झालेल्या आहेत. सेंट-परफ्यूम लावून जाऊ नका, खाली काड्या पेटवून चूल करू नका, मुलांना दगड मारू देऊ नका. कड्यावर काळपट लोंबतं पोळं दिसलं की त्याखाली डबा खायला बसू नका, एवढं पाळलं की झालं.

आता झाडांबद्दल. शिल्पा, तुम्ही बहावा म्हणालात म्हणून आनंद झाला. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळाधमक, ताम्हण जांभळी, गुलमोहर लाल, हे शहरातच रस्तोरस्ती आहे. मुलांना पहाटे सहाला वेताळ टेकडीवर न्या, जुन्या खाणीच्या बाजूला मोर ओरडताना ऐकू येतात, नशिबात असेल तर दिसतातही. आठला खाली. याला सहल म्हणायची का विचाराल तर माझ्या मुलांना तरी ती सहलच वाटते, कारण पाठीवर स्वतःची पिशवी असते. त्या पिशवीत एक वही, पडलेलं फूल-पान-शेंग घरी येऊन चिकटवायची. बहाव्याची लांब काळी शेंग मिळाली की हलवून खुळखुळा होतो, दीड वर्षाच्या बाळापासून सगळे खूश.

नाना_सदाशिव
ताम्हण आपलं राज्यपुष्प आहे हे मुलांना सांगा. शाळेत पाठ करतात पण झाड ओळखता येत नाही.

पल्लवी_डोंबिवली
आम्हा मुंबईकरांना पण काहीतरी सांगा हो, घामाने जीव जातो.

अनघा_पी
पल्लवी, वेगळा धागा काढा ना, इथे आधीच गर्दी झालीये 🙂 पण पुण्याला आलात तर स्वागत आहे.

सावलीवाला
थोडं विषयांतर, पण पोरांसाठी भारी गोष्ट आहे. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली गायब होते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या गावांनाच हे वर्षातून दोनदा दिसतं, दुसऱ्यांदा जुलैअखेरीला, पण तेव्हा आपल्याकडे ढग. कोल्हापूरला आधी, मुंबईला पुण्यानंतर एक-दोन दिवसांनी. गच्चीवर पाण्याची बाटली, बॅट, कुंडी काहीही उभं करा आणि अकरापासून अधूनमधून सावलीच्या टोकाला खडूने खूण करत जा. दहा मिनिटं उन्हात, बाकी जिन्यात. आमच्या सोसायटीत पोरं स्वतः उभी राहून पायाखाली सावली शोधत होती.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरला पण दिसतं हे, मे अखेरीला. भाचरांना म्हणावं पुण्यात बघा आणि घरी येऊन परत बघा.

शिल्पा_कर्वेनगर
हे तर मला स्वतःलाच बघायचंय! अजून सोलापूर रस्त्याच्या बाजूचं काही आहे का? भिगवणबद्दल ऐकलंय.

ताम्हण
भिगवण शंभर किलोमीटर. उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी उन्हाळ्यात असतात, पाणी ओसरतं तसे काठाजवळ येतात, पण मे जसा सरतो तसे कमी होत जातात, निघण्याआधी कुंभारगावच्या नावाड्यांना फोन करून विचारा. सूर्योदयाला होडीत असाल तरच मजा. म्हणजे घरून पहाटे साडेचार. दीड वर्षाच्या बाळाला उघड्या होडीत नेऊ नका, मोठ्या दोघांना न्या, लाइफ जॅकेट मापाचं नसेल तर बसू नका. नावाडी मंडळी बहुतेक मासेमारी करणारी आहेत, पक्षी कुठे आहे ते दुर्बिणीशिवाय सांगतात.

मीनल_यवत
आमच्या भागातलं भुलेश्वर सुचवते. यवतला उजवीकडे वळायचं, पुण्याहून पन्नासेक किलोमीटर. बाहेरून किल्ल्यासारखी भिंत दिसते, मंदिर आहे हेच कळत नाही, आत अरुंद अंधारा जिना चढून गेलं की एकदम नंदी समोर. काळा दगड, भर मे महिन्यात आत गार असतं. भिंतींवर यादवकाळातली शिल्पं, बरीच फोडलेली. स्त्रीरूपातला गणपती उंचावर कोरलाय, तो शोधण्यात मुलांचा वेळ मस्त जातो. फक्त चपला बाहेर काढाव्या लागतात आणि नऊ वाजून गेले की फरशी इतकी तापते की मुलं नाचत नाचतच आत शिरतात. जाड मोजे घेऊन जा सगळ्यांसाठी. सातला पोचलात तर मोज्यांचीही गरज नाही.

भटक्या_विजू
मोजे! हे खरं अनुभवाचं बोल.

कार्तिक_बाबा
मी फक्त एवढंच म्हणेन की सहलीचं ठिकाण एकच ठेवा. आपण मोठी माणसं "आलोच आहोत तर" म्हणत बनेश्वर, मग बालाजी, मग नारायणपूर असं करत जातो आणि मुलं गाडीतच असतात दिवसभर. बनेश्वरला गेलात तर बनेश्वरलाच बसा. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ आहे, कुंडात मासे आहेत, मागच्या झाडीत सावली आहे. धबधब्याला उन्हाळ्यात पाणी नसतं हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर तिथे भोकाड. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी एवढं न्या. दहीभात उन्हात आंबतो.

आज्जी_तळेगाव
दहीभात नाही, दूधभाताला किंचित विरजण लावून न्यायचं, खायच्या वेळेपर्यंत बरोब्बर लागतं.

कार्तिक_बाबा
आज्जी 🙏

शिल्पा_कर्वेनगर
सगळ्यांचे खूप खूप आभार. बहिणीशी बोलले. ठरलंय ते असं: पहिल्या आठवड्यात मधल्या वारी भाजे, मोठी तिघं आणि आम्ही दोघी लोकलने, आई, धाकटी आणि नवरा गाडीने. त्यानंतर भुलेश्वर, साडेपाचला निघून अकराच्या आत घरी. १३ मेला गच्ची. मधल्या सकाळी टेकडी आणि नानांची फुलराणी. सिंहगड करवंदांसाठी करायचाय पण वार बघून. धरण रद्द. भिगवण मुलं मोठी झाल्यावर.

एकच शंका, मळवलीला तीन मुलांना घेऊन उतरायला जमेल ना? लोकल किती थांबते?

रेल्वेप्रेमी_चिंचवड
फार थोडा वेळ थांबते. कामशेत गेलं की सामान उचला आणि मुलांचे हात धरून दाराजवळ या, पण दारात नाही. एक मोठं माणूस आधी खाली, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं. मधल्या वारी लोणावळ्याकडे जाताना सकाळी बसायला जागा मिळते, गर्दी असते ती उलट दिशेला, पुण्यात कामाला येणाऱ्यांची. आणि परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा.